घड्याळजींची पट्टी

घड्याळजींच्या दुकानात बारा वाजायला पाऊण तास लागायचा. भिंतीवर टोल्यांची एकवीस घड्याळे होती. सगळी एकदम वाजू लागली तर डोके उठेल, म्हणून त्यांनी ती दोन-दोन मिनिटांच्या फरकाने लावून ठेवली होती. पहिले घड्याळ बाराला सुरू व्हायचे, आणि शेवटचे थांबेपर्यंत समोरच्या बँकेतली माणसे जेवून, हात धुवून पुन्हा कामाला बसलेली असायची. कोणी विचारलेच, "घड्याळजी, यातली खरी वेळ कुठली?" तर मान वर न करता ते म्हणायचे, "तुम्हाला सोयीची असेल ती घेऊन जा."

माणूस उंचीने बेताचा, अंगाने किडकिडीत. पण बोटे अशी, की केसाएवढी स्प्रिंग चिमटीत धरली तर स्प्रिंगलासुद्धा कळू नये. नावाने हाक मारणारे कोणी उरलेच नव्हते. बायकोही चारचौघांत "आमचे घड्याळजी" म्हणायची. एकटी असली की "अहो", आणि रागावली की "अहो घड्याळजी".

आणि तिला रागवायला कारण रोजच मिळायचे. या माणसाला एक खोड होती. समोरचा काय म्हणाला, ते तो शब्दाशब्दाने पाळायचा. समोरच्याच्या मनात काय होते, त्याच्याशी त्याचे घेणेदेणे नसायचे. एकदा बँकेतला कारकून घाईघाईने आला, मनगटी घड्याळ काउंटरवर टाकले आणि म्हणाला, "हे जरा दहा मिनिटं पुढं ठेवा. मला रोज उशीर होतो." घड्याळजींनी ते उचलले, काउंटरच्या पुढच्या कडेला ठेवले, बरोबर दहा मिनिटे तिथे राहू दिले, मग पुन्हा मागे ओढून घेतले. संध्याकाळी कारकून आला.

"काय हो, हे तर होतं तसंच आहे!"

"दहा मिनिटं पुढं ठेवलं होतं. हिनं पाहिलंय. विचारा."

कारकून दोन दिवस चिडला, तिसऱ्या दिवशी हीच गोष्ट हसत हसत सांगू लागला. घड्याळजींच्या दुकानातून माणूस दोन गोष्टी घेऊन जायचा. एक दुरुस्त घड्याळ आणि एक सांगण्यासारखी हकिगत. हकिगतीची वेगळी पावती नसायची.

एवढे सगळे चालायचे ते एका डोळ्यावर. डावा डोळा जन्मापासूनच कामचोर. त्याला उजेड आणि अंधार एवढेच कळायचे, समोर माणूस आहे की कपाट हे तो सांगू शकायचा नाही. उजवा डोळा मात्र राजा. त्याच्यावर भिंग चढवले की घड्याळजी खुर्चीत असले तरी खुर्चीत नसायचे. ते त्या इवल्या चाकांच्या गावात उतरलेले असायचे, आणि तिथल्या गल्लीबोळांत कुठे धूळ साचली, कुठे दात झिजला, ते बघत हिंडायचे. चाळीस वर्षे ते असे हिंडले.

मग त्या गावावर धुके उतरू लागले. घड्याळजींनी कोणाला सांगितले नाही. दिव्याचा बल्ब मोठा केला, भिंग बदलले, उरलेले काम बोटांवर आणि कानांवर भागवले. पोस्टमास्तरांचे घड्याळ त्यांनी डायल उलटी बसवून परत दिले, तेव्हा गोष्ट उघडी पडली. सहा वर, बारा खाली. पोस्टमास्तरांना वाटले, ही नवी थट्टा. ते हसत हसत वाद घालायलाच आले होते. पण घड्याळजी घड्याळ हातात घेऊन अंगठ्याने त्याची काच नुसती पुसत राहिले. नवऱ्याला उत्तर सुचत नाही, हे बायकोने संसारात पहिल्यांदा पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

मोतीबिंदू इतका पिकला होता, की डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हा काढायचा नाही, फोडायचा आहे." ऑपरेशन नीट झाले. पण टाके घालावे लागले, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितले, "पाच दिवस पट्टी राहील. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. टाका हलला तर हा डोळाही डाव्यासारखा होईल. दुसरी संधी द्यायला दुसरा डोळा तुमच्याकडं नाही."

ही गोष्ट घरात सगळ्यांना नीट समजली. घड्याळजींनाही समजली. फक्त त्यांच्या हातांना समजली नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी बायकोला ते दुकानात सापडले. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा बिनकामाचा, आणि हात कोपरापर्यंत भिंतीवरच्या घड्याळात.

"अहो घड्याळजी! काय चाललंय?"

"वाकलो नाही. जड उचललं नाही. डोळ्याला हात लावला नाही."

तिने त्यांना दंडाला धरून मागच्या खोलीत आणून बसवले आणि जावयाला फोन लावला. "तुमच्या सासऱ्यांना पाच दिवस खुर्चीत खिळवून ठेवायचंय. खिळे मी देते, हातोडा तुम्ही आणा."

जावयाचे दुकान बाजाराच्या टोकाला. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करायचा त्याचा धंदा. माणूस अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून. सभागृहात माइक बंद पडला तर तो दुरुस्त होईपर्यंत जावईच निरोप सांगायचा, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट. सासऱ्या-जावयाचे जमायचे, पण धंद्यावरून खोचक बोलणे चालायचे. घड्याळजी म्हणायचे, "आमच्याकडं आवाज आला की बिघाड, यांच्याकडं आवाज गेला की बिघाड. पोरगी कुठं दिली बघा!"

जावयाने हातोडा म्हणून दोन स्पीकर आणले. कमरेएवढ्या उंच लाकडी पेट्या. एका गिऱ्हाइकाने लहान घर घेतले आणि त्या तिथे मावेनात म्हणून याच्याकडे सोडून दिल्या होत्या. मागच्या खोलीत त्याने त्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या, मधल्या टेबलावर प्लेअर आणि एक ॲम्प्लिफायर ठेवला, घड्याळजींची खुर्ची बरोबर समोर मांडली आणि बटण दाबले. एका बासरीवाल्याचे आणि एका ढोलवाल्याचे एकत्र वाजवलेले रेकॉर्डिंग होते. बासरी अशी आली, जणू खिडकीतून कोणी रेशमाचा धागा आत सोडला. घड्याळजींची बोटे खुर्चीच्या हातावर थांबली. बायकोने दाराआडून पाहिले आणि दिवसभरात पहिल्यांदा ती स्वतः खाली बसली.

दुसरा दिवस पूर्ण शांततेत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी जावई डोकावला, तर सासरे तक्रार घेऊन तयार.

"जावईबापू, तुमची पेटी आजारी आहे."

"काय झालं बाबा?"

"ढोलवाल्यानं जोरात थाप मारली, की बासरी थरथरते. प्रत्येक वेळी. घड्याळ टोले द्यायला लागलं की सेकंदकाटा अडखळावा, तशी."

जावई ऐकत राहिला. हे त्याला कधी कुठल्या गिऱ्हाइकाने सांगितले नव्हते. त्याने आवाज वाढवला, कान पेटीशी नेला आणि मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. ॲम्प्लिफायर एकच, लहानसा. ढोलाला जोर देता देता त्याची दमछाक होते, त्यात बासरीचे हाल."

"मग?"

"या पेटीत दोन बिऱ्हाडं आहेत, बाबा. खाली मोठा स्पीकर, तो जाड आवाज काढतो. वर छोटा, तो बारीक. आता दोघांचं एकाच चुलीवर शिजतंय. चुली वेगळ्या करता येतात. खालच्याला एक ॲम्प्लिफायर, वरच्याला दुसरा. मग ढोलानं कितीही खाल्लं तरी बासरी उपाशी राहत नाही."

घड्याळजी हसले. "चुली कसल्या सांगता? भिंतीवरच्या घड्याळाला चावीची भोकं दोन का असतात? एक स्प्रिंग काट्यांची, एक टोल्यांची. एकाच स्प्रिंगवर दोन्ही चालवलं तर बारा वाजता घड्याळ मागं पडेल. हे आमच्याकडं तुमच्या आज्याच्या आधीपासून आहे. तुमच्या लोकांना आत्ता सुचलं?"

"आम्हालाही बरेच दिवस झाले सुचून," जावई जरा खट्टू होऊन म्हणाला.

"मग दुसरी चावी आणा."

जावयाने त्यांचा हात धरला आणि पेटीच्या पाठीवरून फिरवला. "हे बघा. वायर अडकवायच्या चार खुंट्या. वरच्या दोन बारीक आवाजाच्या, खालच्या दोन जाड आवाजाच्या. मागं वर आणि खाली जोडणाऱ्या या पितळेच्या पट्ट्या लागतायत हाताला? एक ॲम्प्लिफायर असताना या हव्यात. दुसरा आला की आधी या काढायच्या. म्हणजे बिऱ्हाडं खरी वेगळी झाली."

घड्याळजींनी पट्टीवरून बोट फिरवले. "जाडी कमी आहे. पॉलिश बरं आहे." बोटाला कळले ते त्यांच्या डोक्यातून सहसा जायचे नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

चौथ्या दिवशी सकाळी मुलगी कामावर जाता जाता दुसरा ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, यांनी निरोप दिलाय. मी संध्याकाळी येऊन जोडतो, तोपर्यंत तुम्ही हात लावू नका."

"मी हात लावणार नाही," घड्याळजी म्हणाले. मुलीला बापाचा स्वभाव ठाऊक होता. ती दारात दोन क्षण थांबली, वाक्य मनात उलटसुलट करून पाहिले, पण बसची वेळ झाली होती.

ती गेली. घड्याळजींनी हाक मारली, "अगं, जरा इकडं ये. आणि माझा छोटा स्क्रू-ड्रायव्हर आण, लाल मुठीचा."

"जावई म्हणालेत हात लावू नका."

"मी लावणार नाही म्हणालो. तू कुठं काय म्हणालीस?"

तिने चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना पाणी देता देता नवऱ्याचे काम पाहिले होते, पण स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात कोणी कधी दिला नव्हता. बहुधा त्यामुळेच ती नाही म्हणाली नाही. पदर खोचून ती डाव्या पेटीच्या मागे जाऊन बसली. घड्याळजी खुर्चीत ताठ, पट्टी बांधलेल्या राजासारखे, कानाला फोन.

जावई तेव्हा एका शाळेच्या सभागृहात उंच शिडीवर चढला होता. सभागृह रिकामे, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा.

"बाबा, संध्याकाळी येतोय म्हटलं ना!"

"तुम्ही या. चहा प्या. पण वायरी कुठून कुठं, एवढंच सांगा. मी नुसता ऐकतो."

शिडीवरच्या माणसाला वाद परवडत नाही. जावयाने सांगायला सुरुवात केली. "जुन्याची वायर खालच्या खुंट्यांवर ठेवा."

"खालच्या खुंट्यांवर!" घड्याळजी ओरडले.

"झालं!" पेटीमागून उत्तर आले.

"नव्याची वायर वरच्या खुंट्यांवर. लाल लालवर, काळी काळीवर."

"लाल लालवर, काळी काळीवर!"

"तेवढं मलाही कळतं!"

"ती काय म्हणतेय?" जावयाने विचारले.

"कळलं म्हणतेय. पुढं?"

"प्लेअरच्या वायरीला दोन तोंडं आहेत. एक या ॲम्प्लिफायरला, एक त्याला. झालं? आता सगळ्यात महत्त्वाचं. बाबा, पट्टी काढा."

 पुढे दुकानातले एक घड्याळ अकराचे टोले देऊ लागले.

"पट्टी काढू?" घड्याळजींनी हळू आवाजात विचारले.

"काढाच. ती राहिली आणि बटण दाबलंत, तर सगळं जळून जाईल."

"उद्या काढायची असं ठरलं होतं."

"कोणी ठरवलं? आत्ताच काढायची!"

"ओढून काढू का?"

"आधी कडेनं ढिली करा, मग ओढा. वाकडी झाली तरी चालेल. पुन्हा लागणार नाही."

"पुन्हा लागणार नाही?"

"कायमची गेली समजा. आणि दोन्ही बाजूंची काढा."

"मला एकाच बाजूला आहे."

"असं कसं? दोन्हीकडं असते. नीट बघा."

"बघतो," घड्याळजी म्हणाले. "काढली की बघतोच."

शिडी हलली असावी, कारण जावई काहीतरी ओरडला आणि फोन बंद झाला. खुंट्या, लाल-काळी, दोन तोंडे, हे सगळे घड्याळजींनी पेटीमागे ओरडून पोचवले होते. हे शेवटचे मात्र पोचवले नाही. त्यांनी फोन मांडीवर ठेवला. पट्टीचे चिकटलेले टोक नखाने उचलले, कडेने ढिले केले आणि दुकानातल्या दुसऱ्या घड्याळाचे अकरा टोले पुरे व्हायच्या आत पट्टी हातात आली.

त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि समोर पाहत राहिले.

"झालं का?" पेटीमागून बायकोने विचारले.

"झालं," ते म्हणाले. आवाज जरा बदलला होता, पण ती स्क्रू पिळत होती. त्यांनी हात लांब करून प्लेअर लावला आणि दोन्ही ॲम्प्लिफायरची बटणे दाबली. ढोलाच्या ॲम्प्लिफायरची आवाजाची चकती भरपूर फिरवली. बासरीची फिरवलीच नाही म्हणा ना.

पितळेच्या पट्ट्या जिथल्या तिथे होत्या. चुली वेगळ्या झाल्या, पण मधले दार सताड उघडे राहिले. ढोलाच्या ॲम्प्लिफायरने जोर लावला, तो सरळ बासरीच्या ॲम्प्लिफायरच्या अंगावर गेला. एक घुरघुर आली, मग जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि नव्या डब्याच्या जाळीतून धुराची एक सरळ, निळसर वेणी वर चढली.

"धूर!" घड्याळजी म्हणाले. त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा आनंद जास्त होता.

बायको पेटीमागून उठली. आधी तिने भिंतीवरचे मेन बटण बंद केले. मग वळून नवऱ्याकडे पाहिले. उजव्या गालावर चिकटपट्टीची लाल खूण, मांडीवर पांढरी पट्टी, आणि उजवा डोळा लालबुंद, पाणावलेला, थेट तिच्याकडे बघणारा.

तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

"अहो," ती म्हणाली. "हे काय केलंत?"

"जावई म्हणाला."

ती चिडलीच नाही, आणि त्यानेच घड्याळजी घाबरले. ती बसली, उठली, पुन्हा बसली. मग जावयाला फोन लावला. तो अर्ध्या तासात शिडीच्या धुळीसकट हजर झाला. दारातूनच त्याने धुराचा वास घेतला, मग सासऱ्यांच्या डोळ्याकडे पाहिले.

"बाबा, मी स्पीकरची पट्टी म्हणालो!"

"तुम्ही पट्टी म्हणालात. स्पीकर हा शब्द तुमच्या तोंडातून आला नाही."

"डोळ्याच्या पट्टीला मी कशाला..."

"तोच मला प्रश्न पडला. पण म्हटलं, जावई आहे, मान राखावा."

जावयाने गाडी आणली. घड्याळजी गाडीच्या दाराशी ताठ उभे राहिले. "बसा ना!" जावई म्हणाला.

"वाकायचं नाही म्हणाल्यात."

शेवटी जावयाने पुढची सीट मागे सरकवून त्यांना गुडघ्यांतून दुमडून आत बसवले, एखादे मोठे भिंतीवरचे घड्याळ बसवावे तसे. बायको मागे बसली. निम्मा रस्ता संपला. मग तिने पाठीमागूनच विचारले, "सगळं मला ओरडून सांगितलंत. तेवढं एकच का नाही सांगितलंत?"

"ते मला सांगितलं होतं."

"खोटं बोलू नका. काल जावयांनी तुमचं बोट धरून पितळेची पट्टी दाखवली, मी चहा घेऊन उभी होते. तुमच्या बोटाला एकदा कळलं की विसरत नाही. तुम्हाला ठाऊक होतं कुठली ते."

जावयाने आरशातून सासूबाईंकडे, मग शेजारी सासऱ्यांकडे पाहिले. घड्याळजी समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. झाडे, पाट्या, सायकलवरचा माणूस. 

"दिसतंय की नाही, ते कळेपर्यंत गाणं ऐकूच येत नव्हतं गं," ते शेवटी म्हणाले. "बासरी चालायची, आणि मी आत विचारत बसायचो. कारण पाहिजे होतं. यांनी दिलं."

 जावयाने गाडीचा वेग जरा वाढवला.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना एकदम आत घेतले, कारण तिघेही एकदमच बोलत होते. "थांबा! पट्टी कोणी काढली?"

"मी," घड्याळजी म्हणाले.

"माझ्यामुळं," जावई म्हणाला. "मी स्पीकरची पट्टी काढा म्हणालो होतो."

"स्पीकरला पट्टी असते?"

"बघा!" घड्याळजी खूश झाले. "यांनाही माहीत नाही. मग मला कुठून असणार?"

"गप्प बसा!" हे बायको आणि डॉक्टरीणबाई दोघी एकदम म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांची हनुवटी यंत्राच्या पट्ट्यावर टेकवली, दिवा डोळ्यात सोडला आणि पाहू लागल्या. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. बायकोने खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली होती. जावई भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्रातल्या नसा मोजत होता आणि प्रत्येक वेळी आकडा चुकत होता. डॉक्टरीणबाईंनी दिवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, पुन्हा डावीकडे. काहीतरी लिहिले. मग यंत्र बाजूला सारले.

"टाका धरून आहे," त्या म्हणाल्या. "लाली आहे, ती उतरेल. आता दिसतं किती ते बघू. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचा. वरून."

घड्याळजींनी तक्त्याकडे पाहिलेच नाही. ते डॉक्टरीणबाईंच्या मनगटाकडे बघत होते.

"काका, अक्षरं!"

"बाई, तुमच्या घड्याळाचा सेल संपत आलाय."

"काय?"

"सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांची उडी मारतोय. सेल मरायला टेकला की असं करतं ते. आठवडाभर काढेल. मग एखाद्या ऑपरेशनच्या मध्येच थांबेल."

डॉक्टरीणबाईंनी मनगट डोळ्यांजवळ नेले. पाहिले. पुन्हा पाहिले. काटा दोन घरे टाकून उडी मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता. त्यांच्या आणि घड्याळजींच्या खुर्चीत टेबलाएवढे अंतर होते. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले, तक्त्याचा दिवा मालवला आणि म्हणाल्या, "तक्ता राहू दे."

बायकोने खुर्चीची कड सोडली. मग तोंडाला रुमाल लावून ती रडली की हसली, ते जावयालाही कळले नाही. कळले तरी तो सांगणार नव्हता.

"पण उगाच खूश होऊ नका," डॉक्टरीणबाई नवी पट्टी उघडत म्हणाल्या. "आता पुन्हा पाच दिवस. पहिल्यापासून. आणि या वेळी पट्टी मी काढणार, माझ्या हातानं, या खोलीत. कोणी फोनवर काही म्हणालं तरी."

"शब्द नीट निवडलेत," घड्याळजी म्हणाले. पट्टी बसली आणि जग पुन्हा पांढुरके झाले.

घरी आल्यावर जावयाने जळलेला ॲम्प्लिफायर उघडला. आतले दोन भाग काळे पडले होते. नवे घालायला दीड दिवस गेला. ॲम्प्लिफायर घेऊन तो आला आणि पेटीमागे बसायला निघाला, तेव्हा सासूबाई आधीच तिथे बसलेल्या होत्या.

"तुम्ही चहा घ्या," त्या म्हणाल्या. "मी जोडते."

"आई, तुम्हाला..."

"वायरी कुणी जोडल्या होत्या त्या दिवशी? चुकल्या होत्या का?"

चुकल्या नव्हत्या. जावयाने तेव्हाच पाहिले होते. एकही स्क्रू वाकडा बसला नव्हता. तो चहा घेऊन बसला. सासूबाईंनी दोन्ही पेट्यांच्या मिळून चार पितळी पट्ट्या काढल्या, जावयाला मोजून दाखवल्या आणि स्वतःच्या शिवणाच्या डब्यात टाकल्या. मग दोन्ही ॲम्प्लिफायर उचलून स्वतःच्या बाजूला ठेवले, घड्याळजींचा हात पोचणार नाही अशा बेताने. बटणे दाबली.

बासरी आली. पाठोपाठ ढोलावर थाप पडली, पेटीच्या लाकडातून ती पायाला जाणवली, आणि बासरी तिच्या वाटेने चालत राहिली, वाऱ्याने पाण्यावर एकही सुरकुती पडू नये तशी. जावई डोळे मिटून ऐकत होता. घड्याळजींचे तोंड किंचित उघडे राहिले होते.

"थरथरते का?" बायकोने विचारले.

"नाही."

"मग पाच दिवस बसाल?"

घड्याळजी सावरून बसले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ती जुनी हालचाल झाली, जी पाहून बँकेतला कारकून दोन पावले मागे सरकायचा.

"पाच दिवस म्हणजे," ते म्हणाले, "ज्या दिवशी पट्टी लावली तो धरून, की तो सोडून?"

बायकोने बासरीच्या ॲम्प्लिफायरचे बटण दाबले. बासरी गेली. खोलीत नुसता ढोल राहिला. धप. धप. धप. छपरावरून कोणी विटा टाकतोय असा.

"अगं, बासरी..."

धप.

जावयाने चहाचा कप तोंडापुढे धरला.

धप. धप.

"सोडून," घड्याळजी म्हणाले. "तो सोडून धर. लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

तिने बटण दाबले आणि बासरी परत आली. पट्टी उतरेपर्यंत तिने शिवणकाम टेबलाशेजारीच केले, आणि दर थोड्या वेळाने तिचे एक बोट त्या बटणावर जाऊन बसायचे.